‘प्रभू असं म्हणतो’ हे ऐकल्यावर काय करायचं? संदेष्टा पारखण्याची पद्धत

विश्वासात नवीन आलेल्या माणसाला वर्षभरात कुणीतरी गाठतंच आणि सांगतं, ‘‘प्रभूनं मला तुझ्यासाठी संदेश दिलाय.’’ कुणी व्यासपीठावरून नाव घेऊन पुकारतं, कुणी मोबाइलच्या पडद्यावरून बोट रोखून सांगतं, कुणी प्रार्थना संपल्यावर हात धरून कानाशी पुटपुटतं. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. खरं मानावं तर धाकधूक. नाकारावं तर आपण माणसाला नाही, देवालाच नाकारलं की काय, ही भीती.

ही भीती आधी बाजूला ठेवा. पारखणं म्हणजे अविश्वास नव्हे, ती आज्ञा आहे. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला एका दमात दोन्ही सांगतो: संदेश तुच्छ मानू नका, आणि सगळ्याची पारख करून चांगलं तेवढं धरून ठेवा (१ थेस्सलनीकाकरांस ५:२०-२१). करिंथच्या मंडळीसाठी तर नियमच होता की दोघा-तिघा संदेष्ट्यांनी बोलावं आणि इतरांनी निर्णय करावा (१ करिंथकरांस १४:२९). प्रेषित हयात होते त्या काळातही संदेष्ट्याचं बोलणं संपलं की ते तोललं जायचं. आजचा कुणी संदेष्टा त्या तराजूच्या वरचा नाही.

खालच्या पायऱ्या मी नवीन मंडळींसोबत वचनाचा अभ्यास करताना ज्या क्रमानं घेतो, त्याच क्रमानं देतो. क्रम बदलू नका. बहुतेक लोक ‘सांगितलं ते घडलं का?’ इथून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

पायरी १: शब्द लिहून घ्या

एक साधी वही करा. संदेश कुणी दिला, कोणत्या तारखेला, कुणासमोर आणि नेमक्या कोणत्या शब्दांत, एवढं त्याच दिवशी लिहा. रेकॉर्डिंग असेल तर जपून ठेवा. नंतर आठवून लिहायचं ठेवलंत तर खेळ संपला, कारण आठवण घडलेल्या गोष्टीच्या मापाने स्वतःला शिवून घेते.

हे मी अनुभवानं सांगतो. नवीन असताना एका सभेत मला सांगण्यात आलं की माझ्यासाठी ‘मोठं दार उघडणार आहे’. त्या वर्षी मला नोकरी मिळाली, तेव्हा मी म्हटलं, हेच ते दार. काही महिन्यांत ती सुटली, तेव्हा एकानं समजावलं की एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. पुढे घर बदललं, तेही दारच ठरलं. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की असं काहीही घडू शकत नव्हतं, ज्यामुळे तो संदेश खोटा ठरला असता. जे खोटं ठरूच शकत नाही, त्याला पूर्ण झालं म्हणण्यात अर्थ नाही.

शास्त्रातली नोंद कशी असते ते यिर्मयाच्या २८व्या अध्यायात पाहा. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या कारकिर्दीचं चौथं वर्ष, म्हणजे इ.स.पू. ५९४ च्या सुमाराचा काळ, पाचवा महिना. मंदिरात याजकांसमोर आणि सर्व लोकांसमोर हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहिला. ‘सेनाधीश परमेश्वर असं म्हणतो’ ही त्याची सुरुवात अगदी यिर्मयासारखीच. संदेशही नेमका: बाबेलच्या राजाचं जू मोडलं, दोन वर्षांच्या आत मंदिराची नेलेली भांडी परत येतील, बंदिवान परत येतील. लोकांना हेच ऐकायचं होतं, हे सांगायलाच नको.

यिर्मया काय म्हणाला? ‘आमेन, परमेश्वर तसंच करो.’ मग एवढंच, की शांतीचा संदेश देणाऱ्याचं बोलणं घडून आलं म्हणजे त्याला खरोखर परमेश्वरानं पाठवलं हे कळेल. मग हनन्यानं यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या सत्तेची खूण असलेलं लाकडी जू काढून सगळ्यांदेखत मोडलं, तरी यिर्मया आपल्या वाटेनं निघून गेला. मला हा अध्याय याच वाक्यासाठी आवडतो. खरा संदेष्टासुद्धा जागच्या जागी निकाल देत नाही, तो थांबतो. त्याला परमेश्वराचा संदेश नंतर मिळाला, तेव्हा तो हनन्याकडे परत गेला आणि तोंडावर सांगितलं की परमेश्वरानं तुला पाठवलेलं नाही, तू याच वर्षी मरशील. हनन्या सातव्या महिन्यात मेला. पाचवा महिना, सातवा महिना, दोन वर्षं: सगळं लिहिलेलं आहे, म्हणून आपण आज ते तपासू शकतो.

वहीत प्रत्येक संदेशापुढे आणखी एक खूण करा: हे भाकीत आहे, आज्ञा आहे की नुसता धीर आहे? मंडळीतला संदेश उन्नती, बोध आणि सांत्वन यांसाठी असतो, असं पौल म्हणतो (१ करिंथकरांस १४:३). ‘देव तुला सोडणार नाही’ हे कुणी सांगितलं, तर ते शास्त्रात आधीच आहे, आनंदानं घ्या. त्यावरून सांगणारा संदेष्टा ठरत नाही, एवढंच. बोलणारा ‘मला असं वाटतं’ म्हणाला की ‘प्रभू म्हणतो’, हेही लिहा. पहिल्याला चुकायची मुभा आहे.

पायरी २: तो तुम्हाला कुणाकडे नेतोय?

आता जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १३वा अध्याय उघडा, १८वा नंतर. तिथे मोशे अशा संदेष्ट्याबद्दल बोलतो, ज्याचं चिन्ह *खरं ठरतं*. तो चमत्कार सांगतो, तो घडतो, आणि मग तो म्हणतो, चला, आपण दुसऱ्या देवांच्या मागे जाऊ. मोशे सांगतो की त्याचं ऐकू नका. परमेश्वर त्यातून तुमची पारख करतो आहे. घडून आलेलं भाकीत हा खरेपणाचा पुरावा होत नाही, हे शास्त्रानं इतकं स्पष्ट सांगूनही लोक ‘पण त्यांनी सांगितलेलं घडलं ना!’ या एका वाक्यावर विरघळतात.

इस्राएलाला शाप द्यायला बोलावलेल्या बलामाचं उदाहरण घ्या. इस्राएलाबद्दल त्याच्या तोंडून निघालेले शब्द खरे होते. पण गणना ३१:१६ सांगतं की पौर इथल्या मूर्तिपूजेच्या प्रकरणात इस्राएल लोक ज्या पापात पडले, ते बलामाच्याच सल्ल्यानं. फिलिप्पैमधली, भविष्य सांगणाऱ्या आत्म्यानं पछाडलेली दासी तर पौलाच्या मागे फिरून ओरडत होती की ही माणसं परात्पर देवाचे दास आहेत, तारणाचा मार्ग सांगत आहेत. शब्द खोटा नव्हता. तरी पौलानं तो आत्मा काढून टाकला (प्रेषितांची कृत्ये १६). आणि तिच्या मालकांना राग आला तो त्यांची कमाई बुडाली म्हणून. ही कमाईची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

तेव्हा संदेश ऐकून झाल्यावर स्वतःला विचारा: गेल्या तीन महिन्यांत या माणसाचं ऐकून मी ख्रिस्ताकडे जास्त ओढला गेलो की या माणसाकडे? योहान सांगतो की येशू ख्रिस्त देहाने आला हे कबूल करणारा आत्मा देवाचा (१ योहान ४:१-३). त्या काळात ख्रिस्ताचं खरं माणूसपण नाकारणारे लोक मंडळीतूनच बाहेर पडले होते, म्हणून कसोटी तिथे लावली. आजचा खोटा संदेष्टा ही एक ओळ आरामात म्हणून दाखवील, त्यामुळे ती पोपटपंचीसारखी वापरून भागणार नाही. त्याची पूर्ण शिकवण पाहा. तारणासाठी ख्रिस्ताबरोबर आणखी कशाची गरज सांगतो का? ‘शास्त्रात आहे ते जुनं, मला मिळालं ते आजचं’ असं सुचवतो का? स्वर्गातून देवदूत आला आणि वेगळी सुवार्ता सांगू लागला तरी तो शापित, असं पौल गलतीकरांस लिहितो (१:८). देवदूताला सूट नाही तर माणसाला कुठून?

या पायरीवर जो नापास झाला, त्याच्यासाठी पुढच्या पायऱ्या चढायची गरज नाही. त्याचं भाकीत घडतं का म्हणून थांबूही नका.

पायरी ३: सांगितलं ते घडलं का?

इथे अनुवाद १८:२०-२२ येतं. परमेश्वराच्या नावानं बोललेलं घडलं नाही, तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे, त्या माणसानं ते उद्धटपणे म्हटलं. वही उघडा, तारीख पाहा, संपलं. निदान कागदावर हे इतकं सोपं आहे.

तारीख उलटून गेल्यावर माणसं काय करतात, ते पाहायला इतिहास पुरे आहे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी ख्रिस्त येणार म्हणून वाट पाहिली. तो दिवस ‘मोठी निराशा’ या नावानंच इतिहासात नोंदला गेला. काही घरी परतले, तर काहींनी अर्थ लावला की तारीख बरोबर होती, फक्त घटना पृथ्वीवर नव्हे, स्वर्गात घडली. हॅरल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओ-उपदेशकानं ख्रिस्ताच्या येण्याचं १९९४ साठी भाकीत केलं होतं, मग २१ मे २०११ ही तारीख दिली. त्या दिवशी काही झालं नाही, तेव्हा म्हणाला की न्याय आत्मिक रीतीनं झाला आणि शेवट २१ ऑक्टोबरला होईल. तोही दिवस गेला. पुढच्या वर्षी त्यानं चूक मान्य केली, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. दोघांनीही ‘मी संदेष्टा’ असा दावा केला नव्हता, दोघेही शास्त्रातून हिशेब मांडत होते. पण तो दिवस आणि घटका कुणालाही ठाऊक नाही, असं प्रभूनं स्वतः म्हटलेलं असताना (मत्तय २४:३६) हिशेबाची वहीच उघडायला नको होती.

आता अडचणीची जागा. योनानं निनवेत पुकारलं, ‘चाळीस दिवसांनी निनवे उलथून पडेल.’ निनवे पडली नाही. मग योना खोटा का? नाही. यिर्मया १८:७-१० मध्ये नियम सांगितला आहे की देवानं एखाद्या राष्ट्राला नाशाची ताकीद दिली आणि ते दुष्टपणापासून वळलं, तर तो अनिष्ट आणत नाही. निनवेच्या लोकांनी राजापासून लहानथोरांपर्यंत गोणपाट नेसलं. ताकीद देण्यामागे हेच तर हवं होतं.

खोटे संदेष्टे हीच पळवाट वापरतात, म्हणून फरक नीट बघा. ताकीद असेल आणि लोकांनी पश्चात्ताप केला, तर न घडणं समजू शकतं. पण ‘मार्चपर्यंत तुझा आजार जाईल’ असं सांगून तो गेला नाही आणि वर ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं ऐकवलं, तर ती अट आधी कुठे होती? वहीत बघा. तिथे नसेल तर ती नंतर शिवलेली आहे. आजारी माणसाच्या डोक्यावर आजाराखेरीज अपराधाचंही ओझं ठेवणारा हा प्रकार मला सगळ्यांत निर्दय वाटतो.

अभ्यासकांमध्ये एक वाद आहे, तोही माहीत असू द्या. अगब नावाच्या संदेष्ट्यानं मोठा दुष्काळ पडेल असं सांगितलं आणि रोमी सम्राट क्लौद्याच्या कारकिर्दीत तो पडला (प्रेषितांची कृत्ये ११:२८). पुढे त्यानंच पौलाचा कमरपट्टा घेऊन आपले हातपाय बांधले आणि सांगितलं की यहूदी याला असं बांधून परराष्ट्रीयांच्या हाती देतील (२१:११). प्रत्यक्षात पौलाला साखळ्या घातल्या त्या रोमी सरदारानं. यावरून काही जण म्हणतात की नव्या करारातल्या संदेशात तपशिलाची चूक असू शकते. दुसरे म्हणतात की यात चूक नाहीच, कारण पौल स्वतः नंतर जवळपास तसंच वर्णन करतो (२८:१७). तुम्ही कोणतीही बाजू घ्या. ‘प्रभू म्हणतो’ असं बोलून चुकलेल्या माणसानं निदान ‘मी चुकलो’ एवढं त्याच लोकांसमोर म्हणावं, यावर दोन्ही बाजूंचे प्रामाणिक लोक एकमत होतील.

जिथे वाट पाहायची नाही

काही संदेश भाकीत नसतात, हुकूम असतात: औषध बंद कर, याच्याशी लग्न कर, घर विकून अर्पण दे, आईवडिलांशी बोलू नकोस. इथे ‘घडतंय का पाहू’ म्हणत बसू नका. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायचं नाही, मग सांगणारा कुणीही असो.

१ राजे १३ वाचा. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला परमेश्वरानं स्वतः सांगितलं होतं की बेथेलात काही खाऊपिऊ नको. एका वृद्ध संदेष्ट्यानं त्याला गाठलं आणि म्हटलं, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूतानं मला सांगितलं की तुला घरी आणून जेवू घाल. शास्त्र तिथेच म्हणतं की तो त्याच्याशी खोटं बोलला. पाहुणा जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहानं त्याला मारलं. दुसऱ्याला मिळालेल्या संदेशानं देवानं तुम्हाला आधीच स्पष्ट सांगितलेलं रद्द होत नाही.

माणसाला जगापासून तोडणारा संदेश कुठवर जातो, हे गयानातल्या जोन्सटाउननं दाखवलं. जिम जोन्स एके काळी बायबल हातात घेऊन रोग बरे करण्याचे देखावे करत असे. लोक घरदार सोडून त्याच्यामागे परक्या देशातल्या जंगलात गेले. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी तिथे आणि जवळच्या धावपट्टीवर ९०० हून अधिक माणसं मेली, त्यांत जवळपास तिसरा हिस्सा मुलं होती.

पायरी ४: फळ, आणि विशेषतः पैसा

खोटे संदेष्टे मेंढरांच्या वेषात येतात, फळांवरून ते ओळखाल, असं प्रभू म्हणतो (मत्तय ७:१५-२०). त्याच अध्यायात पुढे वाचलं की अंगावर काटा येतो. ‘तुझ्या नावानं संदेश दिला, भुतं काढली, चमत्कार केले’ म्हणणाऱ्यांना तो म्हणेल, मला तुमची ओळखच नव्हती. म्हणजे फळ म्हणजे चमत्कारांची यादी नव्हे. सभेतल्या गर्दीचा आकडा तर नव्हेच. फळ घरात दिसतं, हाताखालच्यांशी वागण्यात दिसतं, परस्त्रीशी बोलण्यात दिसतं. यिर्मया २३:१४ मध्ये यरुशलेमेच्या संदेष्ट्यांवर व्यभिचार आणि खोटेपणाचा ठपका आहे, तो सगळा आचरणावर.

पैशाची कसोटी मात्र घरात न डोकावताही लावता येते. मीखा म्हणतो, दाताखाली काही मिळालं की हे ‘शांती’ पुकारतात, आणि तोंडात काही न घालणाऱ्याविरुद्ध युद्ध मांडतात (३:५). हे वाचून एकदा सभेतलं आवाहन आठवा: देणाऱ्याला आशीर्वाद, न देणाऱ्याला शाप. कोड बरं झाल्यावर सेनापती नामानानं देऊ केलेली भेट अलीशा संदेष्ट्यानं नाकारली. त्याचा चाकर गेहजी मागे धावत जाऊन खोटं बोलून ती घेऊन आला, आणि नामानाचं कोड त्याला लागलं (२ राजे ५).

सुरुवातीच्या मंडळीनं याचे अगदी व्यवहारी नियम केले होते. ‘डिडाखे’ हे प्राचीन ख्रिस्ती लिखाण साधारणपणे पहिल्या शतकाच्या अखेरचं किंवा दुसऱ्याच्या आरंभाचं मानतात. ते म्हणतं: फिरता प्रेषित आला तर एक दिवस राहू द्या, गरज असेल तर दोन. तीन दिवस राहिला तर खोटा संदेष्टा. निघताना भाकरीखेरीज काही घेऊ नये, पैसे मागितले तर खोटा संदेष्टा. आत्म्यात येऊन जेवणाचं ताट मांडायला सांगितलं आणि स्वतःच ते जेवला, तरीही खोटा! पण इतर गरजवंतांसाठी द्या म्हणाला, तर त्याला दोष देऊ नका. बिचाऱ्या यजमानांनी काय काय सोसलं असेल, ते या नियमांमधूनच कळतं.

हे नियम आज शब्दशः लावायचे नाहीत. मंडळीत राबणाऱ्या पाळकाला मानधन मिळणं शास्त्राला मान्यच आहे. तुम्ही एवढंच विचारा की संदेश आणि पैसा यांचा सौदा होतो आहे का, आणि हिशेब कुणाला दाखवला जातो.

पायरी ५: एक प्रश्न विचारून बघा

साधा, नम्र प्रश्न. ‘‘पाळकसाहेब, तुम्ही अमुक तारखेला असं म्हणाला होतात, ते मला समजून घ्यायचंय.’’ उत्तरापेक्षा उत्तर देण्याची तऱ्हा पाहा.

इस्राएलचा राजा अहाब याच्या दरबारात सुमारे ४०० संदेष्टे एका सुरात सांगत होते की रामोथ-गिलादावर चढाई कर, जय तुझाच. त्यांच्यातल्या सिद्कीया नावाच्या संदेष्ट्यानं तर लोखंडी शिंगं करून दाखवली. मीखाया नावाच्या आणखी एका संदेष्ट्याला बोलवायला गेलेल्या दूतानं वाटेतच पढवलं की सगळे चांगलं बोलताहेत, तूही तसंच बोल. मीखायानं पराभव सांगितला, तेव्हा सिद्कीयानं त्याच्या थोबाडीत मारली आणि राजानं त्याला तुरुंगात टाकलं. जाताना मीखाया राजाला म्हणाला की तू सुखरूप परत आलास, तर परमेश्वर माझ्याद्वारे बोललाच नाही (१ राजे २२:२८). त्यानं आपणहून स्वतःला कसोटीला लावलं. अहाब वेष पालटून गेला, तरी कुणी सहज सोडलेला बाण त्याला लागला.

प्रश्नाला उत्तर म्हणून बहुधा एक वचन फेकलं जातं: ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.’ ते स्तोत्र १०५:१५ आहे. तिथे गोष्ट चालली आहे परदेशात भटकणाऱ्या मूठभर पूर्वजांची, ज्यांच्यासाठी देवानं राजांना दटावलं. दुबळ्यांना बलवानांपासून वाचवणारं हे वचन बलवानाच्या हातात ढाल म्हणून देणं बरं नव्हे. दावीदानं अभिषिक्त राजा शौलाला मारलं नाही हे खरं, पण गुहेबाहेर येऊन सगळ्या सैन्यादेखत त्याचा अन्याय मोठ्यानं बोलून दाखवला (१ शमुवेल २४).

पायरी ६: एकट्यानं ठरवू नका, आणि मग घाबरू नका

वही घेऊन दोन-तीन प्रौढ विश्वासणाऱ्यांकडे जा. त्यांतला निदान एक जण त्या संदेष्ट्याच्या वर्तुळाबाहेरचा असावा. बिरुयातले लोक खुद्द पौलाचं बोलणं दररोज शास्त्राशी ताडून पाहत होते, आणि लूक त्यांना त्यासाठी थोर मनाचे म्हणतो (प्रेषितांची कृत्ये १७:११).

माणूस चुकला आणि त्यानं मान्य केलं, तर त्याला पुन्हा बसवा, शिकू द्या. प्रत्येक चूक करणारा खोटा संदेष्टा नसतो. वारंवार चुकूनही ठामपणे ‘प्रभू म्हणतो’ चालूच ठेवलं, शिकवण बिघडली किंवा पैशाचा व्यवहार उघड झाला, तर दूर व्हा. अनुवादात अशा संदेष्ट्याला देहदंड आहे, तो इस्राएल राष्ट्राच्या नियमशास्त्राचा भाग होता. मंडळीला सांगितलं आहे ते अशांवर लक्ष ठेवून त्यांच्यापासून बाजूला होणं (रोमकरांस १६:१७). शिवीगाळ नको, घरी जाऊन धमकावणं तर नकोच. गुन्हा घडला असेल, पैशाची फसवणूक किंवा अंगाला हात लावणं, तर ते पोलिसांचं काम आहे, मंडळीत मिटवायचं नाही.

सोडून जाताना बहुतेकांना शाप ऐकवला जातो: ‘घरावर संकट येईल.’ मग आठवड्याभरात मूल तापलं तरी छातीत धस्स होतं. अनुवाद १८:२२ ची शेवटची ओळ नेमकी यासाठीच आहे: त्याला भिऊ नकोस. हवं तर तो शापही तारीख घालून वहीत लिहा.

एक काम उरतं. तो संदेश तुम्ही ज्यांना ज्यांना पुढे पाठवला होता, त्यांची नावं आठवा आणि प्रत्येकाला कळवा की त्यात दिलेला काळ अमुक तारखेला संपला आणि तसं घडलं नाही.